शेजारची पेशी

"अण्णा, राग मानू नका, पण तुमचा हात थरथरला असणार," सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता तरुण संशोधक मैत्रेयी म्हणाली.

पिराजीला ते चांगलंच झोंबलं. हेब्बाळच्या या प्रयोगशाळेत तो पस्तीस वर्षं पेशी वाढवत आला होता. शुक्रवारी निवृत्ती, आणि जाता जाता हातावर ठपका! विषाणू घातला की पेशींची डिश गोल फिरवायची नाही, सगळं मधे गोळा होतं. आधी उभी, म्हणजे मागेपुढे हलवायची, मग आडवी. हे इथल्या निम्म्या डॉक्टरांना निपाणीच्या या गड्यानेच शिकवलं होतं.

"काय चुकलं म्हणायचं ओ?"

"इन्फेक्शन सगळीकडे सारखं नाहीये. व्हायरस वाढला की सेल हिरवी चमकते ना? इथे काही चमकतायत, काही अगदी काळ्या. सेल्स सारख्या, व्हायरस तोच. टाकून द्यावी लागणार ही."

"थांबा की स्वल्प." पिराजीने भिंगाला डोळा लावला. "हात चुकला असता तर एक कोपराच काळा पडला असता. हितं चमकणारीला खेटून काळी बसलीया. आज तुमच्या हातानं दुसरी डिश करा, मग बोला."

मैत्रेयीने केली. पुण्याची असली तरी मनाची मोकळी पोरगी. दुसऱ्या दिवशी स्वतःची डिश पाहून सरळ म्हणाली, "सॉरी अण्णा, माझंच चुकलं. सेम दिसतंय. पण तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

घरचं इथे कधी न बोलणारा पिराजी बोलून गेला.

"आमची ठकुबाई अन् मी एका ताटात जेवायचो. घरात ताप शिरला. चौथ्या दिवशी ती गेली, मला साधी शिंक न्हाई. तिच्या माहेरची अजून म्हणत्यात, यानंच हयगय केली. काय सांगणार त्यास्नी? मी तर हे रोज हितं बघतोय."

 मैत्रेयीने पिराजीची कालची डिश भिंगाखाली सरकवली. ती चमकणारी पेशी रात्रीतून मरून तळापासून सुटून गेली होती. काळी मात्र तिथेच चिकटून होती, बाजूला एका पेशीएवढी मोकळी जागा.

पिराजीने भिंगातून पाहिलं. मग त्याने जुना पोषणद्रव काढून ताजा घातला, डिश आधी उभी हलवली, मग आडवी, आणि उबेच्या पेटीत ठेवून दार हलकेच लावलं. हात जराही थरथरला नाही.