आठ वाजताचा रकाना

काच नीट धुतली गेली असेल तर तिच्यावरून पाणी अखंड पडद्यासारखं उतरतं. कुठे बोटाचा तेलकटपणा राहिला असेल तर त्या जागी पडदा फाटतो आणि थेंब सुटे होतात. चंबू उपडा धरून दहा अंक मोजेपर्यंत बघायचं. मधे थेंब दिसला की पुन्हा धुवायचा. पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बारकी दोन वर्षं हेच काम करत होती, आणि तिच्या हातचा चंबू परत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

बारकी हे तिचं घरचं नाव. प्रयोगशाळेतही तेच चिकटलं. वय चोवीस, हातात रसायनशास्त्राची पदवी. शिकलेली मुलगी रोजंदारीवर बाटल्या का धुते, असं नवा आलेला प्रत्येक जण एकदा विचारायचा. "पाण्यात खेळायला आवडतं," असं म्हणून ती नळ मोठा करायची.

खरं कारण असं, की रोजंदारीवाल्यांची मागची पडताळणी होत नसे.

एकोणिसाव्या वर्षी ती शिकता शिकता औषधांच्या एका गोदामात कामाला लागली होती. शीतकपाटाचं तापमान दिवसातून दोनदा बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. आई इस्पितळात होती तेव्हा ती तीन दिवस गेली नाही. परत आली तर सहा रकाने रिकामे. "भरून टाक," गोदामाचा साहेब म्हणाला. तिने भरले, सहाही ठिकाणी चार अंश. नेमकं मधल्या दिवशी कपाट बंद पडलं होतं. सगळी औषधं फेकावी लागली. कोणाच्या पोटात गेली नाहीत, हे तिचं नशीब. सही तिची होती. न्यायालयात तिने गुन्हा कबूल केला, वर्षभर चांगल्या वागणुकीची हमी लिहून दिली आणि तिला वाटलं, सुटले.

पण तसं झालं नाही. एका कारखान्याने नेमणुकीचं पत्र दिलं आणि पोलीस पडताळणीचा अहवाल येताच दोन ओळींत मागे घेतलं. दोन घरमालकांनी होकार देऊन, तिचं सामान बांधून झाल्यावर नकार कळवला. त्यातल्या एकाने निदान फोन केला. "तुझ्याबद्दल काही नाही गं पोरी, पण कागदावर आलंय ना."

तेव्हापासून ती ताईकडे, भाचीच्या खोलीत राहत होती. भाचीने कोणी न सांगता कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले होते. भावजींनी दाराची आणखी एक किल्ली करून आणली आणि म्हणाले, "ही जपून ठेव. हरवलीस तर माझी घेशील आणि मी बाहेर बसेन."

आता प्रयोगशाळेत तपासनिसाची कायम जागा निघाली होती. प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी फॉर्म स्वतः तिच्या हातात दिला होता. तिसऱ्या पानावर तो प्रश्न होता: कधी दोषी ठरला आहात का? हो किंवा नाही. 'नाही' लिहिलं तर ते खोटं. 'हो' लिहिलं आणि समितीने नाकारलं, तर नियमाप्रमाणे इमारतीतच पाऊल ठेवता येणार नव्हतं. मग बाटल्याही गेल्या. फॉर्म घरी टेबलाच्या खणात पडून होता.

"उबवायला ठेवलायस का तो?" भावजी विचारायचे. "एकवीस दिवस झाले. आता पिल्लू बाहेर येईल."

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणायची, आणि मग हळूच, "नको भरूस बारके. झाकलंय ते राहू दे. आहे ते काय वाईट आहे?"

"बघते," बारकी म्हणायची. रोज.

नमुने ठरलेल्या उबेत ठेवणारा इनक्युबेटर बघायची पाळी सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने सगळ्यांवर येई; त्या रविवारी ती तिची होती. आत चाळीस ठिकाणच्या पाण्याचे नमुने ठेवले होते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, दोनदा तापमान नोंदवायचं; एक जरी वाचन हुकलं तर नियमाने सगळे नमुने बाद. वाटेत बस बंद पडली, रविवारची पुढची बस अकरानंतर मिळाली आणि ती पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. काटा साडेचव्वेचाळीस अंशांवर, जिथे असायला हवा तिथेच.

तिने ज्येष्ठ तपासनिसाला फोन केला.

"मग लिही ना साडेचव्वेचाळीस," तो म्हणाला. मागे टीव्हीचा आवाज होता. "यंत्र काय तुझी वाट बघत गरम-थंड होतं होय? चाळीस नमुने आहेत बाई, वेड्यासारखं करू नकोस."

त्याचं म्हणणं बहुतेक बरोबर होतं. हे तिलाही कळत होतं. तिने पेन उघडलं, बराच वेळ तसंच धरलं, आणि आठच्या रकान्यात लिहिलं: 'वाचन घेतले नाही. पोचायला उशीर.' खाली सही केली, बाजूला बाराचं वाचन लिहिलं.

सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. रजिस्टर त्यांच्यासमोर उघडं होतं.

"बाराला किती होतं?"

"साडेचव्वेचाळीस."

"मग आठला किती असेल?"

"तेवढंच असेल, बाई. पण मी पाहिलं नव्हतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सगळे नमुने बाद. ड्रायव्हरकाकांना चाळीस ठिकाणी पुन्हा फिरावं लागणार. ते तुझा उद्धार करतील, तो निमूट ऐकून घे."

"सुरू झालाय, बाई. दारातच."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि फॉर्म कुठेय तुझा? उद्या शेवटचा दिवस."

बारकी उभीच होती. गेली पाच वर्षं तिने हे वाक्य मनात शंभर तऱ्हांनी जुळवलं होतं. त्यातलं एकही आठवेना. "माझ्यावर एक गुन्हा आहे, बाई. खोट्या नोंदीचा. तापमानाच्या रजिस्टरमध्ये."

बाई दचकल्या. ते तिला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी समोरची खुर्ची दाखवली आणि एकेक विचारत गेल्या. किती साली? किती रकाने? तू कुठे होतीस? कोणी सांगितलं भरायला?

"सांगणाऱ्याचं जाऊ दे, बाई. हात माझा होता."

"ते मी नंतर ठरवेन. आधी क्रमाने सांग."

तिने क्रमाने सांगितलं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की वकील सोडला तर आजवर एकाही माणसाने तिला हे विचारलं नव्हतं. कारखान्याने नाही, घरमालकांनी नाही. त्यांच्याकडे एक ओळ पोचली होती आणि तिथेच सगळं थांबलं होतं. समोर बसलेल्या या करड्या केसांच्या बाईंबद्दल तिला एकदम इतकी कृतज्ञता वाटली, की बोलणं मधेच अडलं.

"पाणी पी," बाई म्हणाल्या. "आता नीट ऐक. समितीत तिघे आहेत, मी त्यातली एक. फॉर्मला खुलासा जोडता येतो. तो तू लिही. त्याखाली माझं पत्र जाईल, आणि या रविवारच्या पानाची प्रत. तरीही ते नाही म्हणू शकतात. तसं झालं तर तुझं आत्ताचं कामही मला बंद करावं लागेल. मी थांबवू शकणार नाही. हे आत्ताच सांगितलेलं बरं."

"हो, बाई."

"फॉर्म आलाच नाही तर मी काही ऐकलं नाही. बाटल्या धूत राहा, जोवर मी इथे आहे. रात्रीतून ठरव. आणि जा आता, काका खाली ओरडतायत."

काका खरंच ओरडत होते. "आली बघा सत्यवादी! माझ्या गाडीची चाकं झिजवून हिचं खरं बोलणं चाललंय." बारकीने नमुन्यांच्या चाळीस रिकाम्या बाटल्या गाडीत चढवून दिल्या. शेवटची ठेवताना काका पुटपुटले, "मी असतो तर लिहिलं असतं साडेचव्वेचाळीस," आणि तिच्या डोक्यावर टपली मारून गाडीत बसले.

संध्याकाळी ताई भाजी निवडत होती, भावजी भाचीचं गणित चुकीचं समजावत होते. बारकी खणातून फॉर्म घेऊन आली आणि ताईसमोर बसली. तो बघताच ताईचे हात थांबले.

"अगं, नाही म्हणाले तर आहे तेही जाईल."

"जाईल. मग परत तुमच्याकडेच आहे मी. त्या दोन कप्प्यांच्या जिवावरच तर बोलतेय."

भावजींनी गणिताची वही मिटली.

बारकीने तिसरं पान उघडलं, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच शांत निघाला. "ताई, मी फॉर्म भरतेय. या प्रश्नापुढे मी 'हो' लिहिणार."