सात माणसांची सोय

विमलने सुपातलं मीठ बोटांनी पसरलं आणि खडे एका बाजूला सारले. दुकानातून आलेल्या खडेमिठात वाळू असायची, काडीकचरा असायचा, आणि दर खेपेला एखादा तरी शिंपला सापडायचाच. तांदळाच्या दाण्याएवढा, फार तर हरभऱ्याएवढा. आजचा गुलाबी होता. तिने तो पदराला पुसला, फडताळातून वडिलांची, अप्पांची, तपकिरीची रिकामी डबी काढली आणि आत टाकला. डबी निम्म्याहून जास्त भरली होती. अठरा वर्षांच्या मिठातले शिंपले होते ते.

"विमल, मीठ निवडायलीस का? राहू दे ते. इकडं ये, पत्र लिहायचंय."

अनंतराव ओसरीवर दौत-टाक मांडून बसले होते. जिंतूरच्या तहसिलीत ते कारकून. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, आणि निजामाच्या अमलात त्यांच्या हातची दरख्वास्त म्हणजे भल्याभल्यांनी मान डोलवावी अशी. पण निजामी गेली, पुढे मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कचेरीत मराठी आली आणि अनंतरावांची चाळिशीजवळ येऊन पुन्हा बाराखडी सुरू झाली. वाचायचे ते बोट ठेवून. लिहायची वेळ आली की बहिणीला हाक. विमलला अप्पांनी लहानपणी पोथीवरून अक्षरं शिकवली होती आणि तिचं अक्षर होतंही नेटकं. घरची सगळी पत्रं तीच लिहायची. बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता, आणि असायचं काही कारणही नव्हतं.

या पत्राची गोष्ट मात्र वेगळी होती. नवं राज्य झालं तेव्हा अनंतराव चहाची बशी तोंडाशी नेत म्हणाले होते, "आपल्या राज्याला आता समुद्रही आला. एकदा बघायला नको का?" सगळे हसले होते. मग कचेरीत कोकणातला एक कारकून बदलून आला. त्याचे काका समुद्रकाठच्या एका लहान गावात राहायचे. किनारा असा निवांत, तो सांगायचा, की दिवसभरात माणूस दिसायचा नाही. आणि स्वच्छ इतका की वाळू चाळून पसरल्यासारखी. हे ऐकून आले त्या दिवशी अनंतरावांनी पानावर बसल्या बसल्या जाहीर केलं, "या सुट्टीत आपण घरचे सगळे समुद्रावर जायलोत. इंतजाम माझ्याकडं."

घरचे सगळे. विमल तेव्हा वाढत होती. अनंतरावांच्या मुलीच्या, गोदीच्या, पानात तिने दोनदा आमटी वाढली.

चौदाव्या वर्षी सेलूला दिलेली, सोळाव्या वर्षी कुंकू पुसून परत आलेली. तेव्हापासून तिचा प्रवास म्हणजे विहीर, देऊळ, आणि कुणाकडे कार्य असलं की मागच्या दारी चुलीपाशी. कुठे जावंसं वाटतं असं ती कधी बोलली नाही. पण समुद्र तिच्या घरी मिठातून येत होता, आणि तो एकदा डोळ्यांनी बघावा एवढी एकच हौस तिने इतकी वर्षं कुणाला न सांगता सांभाळली होती.

"लिही," अनंतराव म्हणाले. "श्रीयुत काका यांस साष्टांग नमस्कार. आपल्या पुतण्याने आपला पत्ता दिला. सुट्टीत आम्ही घरचे सगळे आपल्या गावी आठ दिवस यावे असा इरादा आहे."

"इरादा की विचार?"

"विचार लिही. आणि माणसं किती ते लिही, म्हणजे त्यांना जागेचा अंदाज येईल. तू मोजून घाल." आणि ते पानाचा डबा आणायला आत गेले.

विमलने डाव्या हाताची बोटं मोजली. अप्पा, दादा, वहिनी, गोदी, धाकटा. एक हात संपला. उजव्या हातावर तान्ही. आणि मग तिने पुढचं बोट दुमडलं. ते बोट तिने जरा वेळ तसंच धरून ठेवलं. कुणाच्या मोजणीत आपण आहोत ही गोष्ट तिला इतकी नवी होती की ती हरखून गेली. तिने 'सात' लिहिलं, आणि समजायला घोटाळा नको म्हणून पुढे आकडाही घातला. अनंतरावांनी आतून येऊन, न वाचता, खाली सही ठोकली.

पुढचे पंधरा दिवस विमल कामाला लागली. आठ दिवस घर बंद राहायचं म्हणजे काय थोडा पसारा असतो? पहिली अडचण देवांची. देव उपाशी ठेवता येत नाहीत. ती पलीकडच्या आळीत भटजींच्या मनकर्णाबाईंकडे गेली आणि आठ दिवस देव त्यांच्या देवघरात ठेवायचं ठरवून आली. तुळशीला पाणी घालायचंही त्यांनी कबूल केलं. मग गाय राहिली. गावाबाहेर मेंढरं राखणाऱ्या रायभानची बायको केवळाबाई बाजाराच्या दिवशी गोवऱ्या घेऊन आली, तेव्हा विमलने तिला परसात थांबवलं.

"आठ दिवस गाय सांभाळशील का?"

"आठ दिस काय, म्हैनाभर ऱ्हाऊ द्या. पर समदे चाललाव कुठं?"

"समुद्र बघायला."

केवळाबाईने रिकामी पाटी कमरेवर घेतली. "लय पानी असंल. पर मेंढरं तोंड लावीत न्हाईत म्हनं त्याला."

"खारट असतं."

"तुमीबी जायलाव?"

"मीही."

"जा माय," केवळाबाई म्हणाली. "आजवर कुठं गेलाव तुमी. आमची मेंढरं खतासाठी शेतात बसवायला पेडगावाकडं चाललीत. तुमच्या जायच्या आदल्या दिशी येऊन गाय नेते बगा."

विमलने भाजणी केली, मेतकूट केलं, लाडू बांधले. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून तिने आपली पेटी उघडली आणि तळाशी ठेवलेलं करड्या रंगाचं चांगलं लुगडं उन्हात टाकलं. वाळूत बसायचं म्हणजे पांढरं नको.

उत्तर आलं ते शनिवारी. अनंतराव ओसरीवर बसून बोट ठेवत मोठ्याने वाचू लागले. अप्पा बाजेवर होते, कमलवहिनी दारात गहू निवडत होत्या, विमल चुलीपुढून ऐकत होती.

"आपण... सात... माणसे येणार हे वाचून आनंद झाला. सात माणसांची सोय... माडीवर केली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो."

बोट थांबलं. मागे गेलं. "सात?"

"असं कसं?" वहिनी म्हणाल्या. "अप्पा, तुम्ही, मी, तीन मुलं. सहाच की."

"तेच तर म्हणायलो. हा सातवा कुठून पैदा झाला? विमल, तू काय लिहिलं होतंस?"

विमलने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. दुःख मागाहून आलं, आधी आली ती लाज. पंगतीत आपणहून पाट घेऊन बसावं आणि वाढणाऱ्याने तिथे कुणी नाहीच असं समजून पुढे जावं, तशी लाज. दादाच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच अवघड होतं. तिला न्यायचं नाही असं त्याने ठरवलं असतं तर निदान ठरवताना तरी ती मोजली गेली असती.

"मोजताना चुकलं असेल माझं," ती म्हणाली.

"एवढं साधं मोजता येऊ नये का गं? परक्या माणसाला उगाच खोळंबा. बस, दुसरं पत्र लिही." अनंतराव सांगू लागले. "मागील पत्रात नजरचुकीने सात माणसे लिहिली गेली. आम्ही सहा आहोत. तसदीबद्दल माफी असावी."

विमलने लिहिलं. नेहमीसारखंच नेटकं अक्षर आलं. अनंतरावांनी या खेपेला मात्र बोट ठेवून सगळं वाचलं, 'सहा'वर बोट दोनदा आपटलं आणि म्हणाले, "हां, आता झालं." पत्र त्यांनी स्वतः नेऊन पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मनकर्णाबाई भेटल्या. विमल म्हणाली, "देव घरीच राहतील हो आमचे."

"का? बेत मोडला?"

"नाही. मी आहे घरी."

मनकर्णाबाईंनी तिच्याकडे बघितलं, घागर उचलली आणि वाटेला लागल्या. केवळाबाईला निरोप द्यायचा राहिला. ती पेडगावाकडे होती, आणि तिकडे जाणारं कुणी भेटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ओसरीवर वळकट्या बांधणं चाललं होतं. परभणीहून मनमाड, तिथून पुणे, पुढे एसटी. अनंतराव गोदीकडून गाड्या पाठ करून घेत होते. तेवढ्यात दारात केवळाबाई उभी राहिली. खांद्यावर दावं होतं.

"गाय न्यायला आलेय."

"गाय?" अनंतराव म्हणाले. "कुणी सांगितलं?"

"विमलताईनं सांगितलं व्हतं न्हवं का. घरात कुनीच ऱ्हात न्हाई, समदे समिंदर बघायला चाललाव, तवा आठ दिस सांभाळ म्हनून."

वळकटीची दोरी वहिनींच्या हातात तशीच राहिली. विमल आतून लगबगीने आली.

"न्यायची नाही आता, केवळाबाई. उगाच हेलपाटा पडला तुला. मी आहे घरी."

केवळाबाईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. रानात राहणारी बाई, तिला पुढचं कुणी सांगावं लागलं नाही. तिने दावं खांद्यावर नीट घेतलं, विमलच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि आली तशी गेली.

बाजेवरून अप्पांचा आवाज आला.

"अनंता, पोरीची मोजणी बरोबर होती."

अनंतराव उठले. कचेरीत कितीतरी लोकांची प्रकरणं मार्गी लावणाऱ्या त्या माणसाला हात कुठे ठेवावेत ते समजेना. ते विमलपाशी आले.

"तुला यायचं होतं का गं?"

अठरा वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. 'हो' अगदी ओठांवर आलं. एवढंसं तर बोलायचं होतं. पण आता जायचं म्हणजे आठही दिवस या सगळ्यांनी तिच्याकडे असंच बघायचं, खाली मान घालून. आणि तिने त्या खिडकीत उभं राहायचं.

"छे," ती म्हणाली. "मला काय करायचाय समुद्र."

"तार करतो. सात जण येतो म्हणून कळवतो. कचेरीतून आत्ताच्या आत्ता होईल."

"आधी सात, मग सहा, परत सात. त्या काकांना वाटेल, काय वेडी माणसं आहेत." ती हसलीसुद्धा. "आणि देवांचं कोण करणार? तुम्ही निर्धास्त जा रे."

"पुढच्या वर्षी नक्की. मुकर्रर."

"हो तर."

त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं तिला दिसलं. ते इतक्या लवकर उतरेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

वहिनी पुन्हा दोरी आवळू लागल्या, पण गाठ काही त्यांना नीट बसेना. विमलने जाऊन ती बांधून दिली. मग ती स्वयंपाकघरात आली आणि सूप घेऊन बसली. कैऱ्या आल्या होत्या, लोणच्याला मीठ लागणार होतं. गोदी मागोमाग येऊन तिच्या गुडघ्याला टेकून बसली. बाहेर काय झालं ते तिला अर्धंच समजलं होतं.

विमलची बोटं मिठातून फिरत राहिली. काडी निघाली, खडे निघाले. मग एक शिंपला निघाला. चांगला मोठा, हरभऱ्याहून मोठा, आतून चकचकीत. इतका मोठा आजवर निघाला नव्हता. तिने तो खड्यांच्या ढिगात टाकला.

गोदीने तो उचलून तळहातावर घेतला. "आत्या, शिंपला आहे हा. डबीत नाही का ठेवायचा?"

विमलने मान वर केली नाही.

"खडा आहे तो," ती म्हणाली. "बाहेर टाकून ये."