नळीच्या तोंडावरची लाख

साहेब, माझ्या बहिणीचं पिंप तुम्ही फोडलंत. तुमच्या खात्याच्या कागदावर उलटं लिहिलंय. मी नळकाम करतो, त्या पिंपाची नळी मीच बसवली होती, त्यामुळे मला कागद दाखवू नका.

दारूच्या छोट्या उत्पादकांसाठी कायदा सुधारला, असं तुम्ही फोटो काढून घेत जाहीर केलंत. समितीवर छोट्यांचा प्रतिनिधी कोण, तर ज्याच्या कारखान्याला तीन फाटकं आहेत तो! तरी ताई खूश. अकरा वर्षं तिने मागच्या खोलीत मार लागलेल्या सफरचंदांची दारू चोरून केली. आता परवाना मिळणार, बाटलीवर स्वतःचं लेबल लागणार. फॉर्म भरताना तिचं ते वळणदार अक्षर पाहून मला हसू आलं.

"दात काय काढतोस? अकरा वर्षांत पहिल्यांदा खरं लिहितेय."

तुमचे निरीक्षक आले. माणूस वाईट नव्हता, चहा प्यायला. खोलीत दोन निळी पिंपं होती, एक गळ्यापर्यंत भरलेलं, दुसरं अर्धं. दोन्हींच्या झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली, बुडबुडे चाललेले. रस आंबताना वायू सुटतो, त्याला तेवढीच वाट. निरीक्षकांनी नमुना घेतला, झाकणांवर लाख लावली. मग नळ्या बाटलीतून काढून त्यांना गाठ मारली आणि गाठीवरही लाख ओतायला लागले.

"अहो दादा, तिथे नको! कोंडेल ते."

"अहवाल येईपर्यंत प्रत्येक तोंड बंद, ताई. कलम आहे तसं."

"कलम लिहिणाऱ्याने कधी काही आंबताना पाहिलंय का?"

"ते कारखान्यातल्या तयार मालाचं कलम आहे. तुमच्यासाठी वेगळं लिहायचं राहून गेलं," असं म्हणून त्यांनी लाखेवर फुंकर घातली.

सील मोडलं तर अर्ज रद्द, आणि पुन्हा कधीच अर्ज करता येणार नाही. ताईने लाखेला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या पिंपाचं झाकण छताला जाऊन आदळलं. भिंती, पंखा, वाळत घातलेली माझी पँट, सगळ्याला सफरचंद लागलं. आम्ही स्वतःहून तुमच्या कचेरीत कळवलं, कारण आम्ही आता कायदेशीर होतो ना!

निरीक्षक आले, ओल्या फरशीवर जपून उभे राहिले आणि पंचनामा लिहिला: अर्जदाराने सरकारी सील मोडले.

"मी मोडलं?" ताईने विचारलं.

"मग मी काय लिहू? फॉर्मवर दोनच रकाने आहेत. सील शाबूत, किंवा अर्जदाराने मोडले."

"आणि हे?" तिने दुसऱ्या पिंपाकडे बोट केलं. अर्धं भरलेलं, म्हणून अजून तग धरून होतं. पण झाकण पालथ्या कढईसारखं फुगलं होतं आणि नळी ताठ झाली होती.

"त्याला हात लावू नका. ते शाबूत आहे. सुनावणीत तुमच्या बाजूने तेवढाच पुरावा."

"सुनावणी कधी?"

"महिनाभरात."

पिंपाने आतून कण्हल्यासारखा आवाज केला. निरीक्षक दोन पावलं मागे सरकले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या पिशवीतली कात्री काढली.

"ताई, परवाना जाईल," मी म्हणालो.

"परवाना कशाचा घेऊ, रिकाम्या पिंपाचा?"

तिने गाठीच्या अलीकडे नळी कापली. फुस्सकन वायू सुटला, झाकण हळूहळू खाली बसलं. नळीचं मोकळं टोक तिने बाटलीतल्या पाण्यात सोडलं आणि बुडबुडे पुन्हा सुरू झाले. गाठीचा तुकडा, लाखेसकट, तिने निरीक्षकांच्या हातात दिला आणि त्यांचंच पेन मागून घेतलं.

तिचा खुलासा सोबत जोडलाय. त्यात दोनच ओळी आहेत: "दुसरं सील मी मोडलं, खाली माझी सही. पहिलं कोणी मोडलं?"

साहेब, त्या प्रश्नाखाली जागा सोडलीय. उत्तर लिहा आणि तुमची सही करा.