आठवीचं वर्ष

"अरे ताण की साखळी, रॉस्को! तुझं काय जातंय?"

बाकांवरून कुणीतरी ओरडलं आणि अर्धं गाव हसलं. रॉस्को मेह्यूने मान वर केली नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा, असा हा अमेरिकन फुटबॉलचा खेळ. शंका आली की दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी मैदानात आणून माप घ्यायचं. होलिस फेरी गावच्या शाळेच्या मैदानावर त्यातली एक काठी मुलाच्या जन्माआधीपासून रॉस्कोच्या हातात होती. आठवडाभर ट्रकांचे टायर बदलायचे, शुक्रवारी संध्याकाळी हात घासून धुवायचे आणि काठी धरायची. या कामाचा मोबदला म्हणजे पिशवीभर उकडलेले शेंगदाणे आणि पोटभर शिव्या.

साखळी ताणली गेली. गावाचा चेंडू चार बोटं अलीकडे राहिला होता. बाकांवरचे लोक हळहळले.

"पायाने जरा सरकवली असतीस काठी, तर कुणाला कळणार होतं?" दुसरी काठी धरणारा पर्विस परतताना म्हणाला.

"मला कळलं असतं."

"तुझ्या या खरेपणापायी एक दिवस गाव बुडणार बघ." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "पोरगा आलाय?"

"गाडीत बसलाय."

"वर येऊन बस म्हणावं. कुणी खात नाही त्याला."

"खातात रे," रॉस्को म्हणाला. "तू पण विचारलंसच ना."

कुंपणापलीकडे त्याची जुनी गाडी उभी होती आणि तिच्यात केन्ड्रेल टोपी नाकापर्यंत ओढून बसला होता. याच बाकांनी त्याचं नाव घेऊन घसा बसवून घेतला होता. केन्ड्रेलने चेंडू पोटाशी धरला की त्याला पाडायला तिघे लागत. शाळा संपताच मोठ्या कॉलेजने त्याला उचललं, आणि दुसऱ्याच वर्षी वर्तमानपत्रांत त्याचे फोटो यायला लागले. मग या ऑक्टोबरात कपडे बदलायच्या खोलीत त्याने आपल्याच संघातल्या एका पोराचा जबडा फोडला. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. "डोकं फिरलं," एवढंच. कॉलेजने संघातून काढलं, कोर्टात तारीख लागली, आणि आधी गोड बोलणाऱ्या इतर कॉलेजांनी फोन उचलणं बंद केलं.

आता एकच वाट उरली होती. दर वसंतात व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात नाव लागलं तर कॉलेजची गरजच नव्हती. पण नियम असा, की शाळा संपल्यानंतर तीन हंगाम उलटलेले हवेत. केन्ड्रेल या नियमात बसतो की नाही, ते सांगायला रविवारी खेळाडूंचे करार जुळवणारा एक एजंट घरी येणार होता. रॉस्कोने मनातल्या मनात हा हिशोब करायला घेतला होता, आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर सोडून दिला होता.

रविवारी चर्चमधून बापलेक चालत घरी आले. रॉस्कोची बायको ओडेसा स्वयंपाकासाठी आधीच पुढे गेली होती. वाटेत ग्रँथम बाईंचं घर लागतं. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या, आता निवृत्त होऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेल्या असतात. त्यांचं घर आलं तसा केन्ड्रेल नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालू लागला. शाळेत असल्यापासून त्याची ही खोड होती. बाईंच्या कुत्र्याला भितो म्हणून घरचे त्याला चिडवत. कुत्रा मरून किती वर्षं झाली, पण एवढा धिप्पाड गडी अजून तिथे रस्ता ओलांडायचा.

एजंटचं नाव व्हिटलो. मनुष्य सरळ होता. उगाच आशेला लावणारा नव्हता, आणि ओडेसाने वाढलेलं तळलेलं चिकन, कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव सगळं त्याने मनापासून खाल्लं. मग बोटं पुसून कामाचं काढलं.

"पहिलं म्हणजे ती मारामारी. संघवाले विचारणारच. का मारलंस, बाळा?"

"डोकं फिरलं."

"हे चालायचं नाही. कारण सांग."

केन्ड्रेलने ताट पुढे सरकवलं. "आपल्या शेजारच्या गावच्या एकाने त्या पोराला सांगितलं होतं. मी आठवीत नापास झालो होतो म्हणून. मग तो रोज सगळ्यांसमोर सुरू झाला. आजोबा म्हणायचा. दोनाचा पाढा तरी येतो का रे तुला, म्हणायचा. त्या दिवशी तो म्हणाला, पाय नसते तर तुला गाढवांच्यात बांधला असता. मग मारलं."

ओडेसाच्या हातातला डाव भाजीच्या भांड्यातच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. रॉस्कोला मात्र वाटलं की घरातल्या भिंतीसुद्धा आपल्याकडेच बघतायत.

"आठवी दोनदा केलीस?" व्हिटलोने खुर्ची पुढे ओढली. "इथेच तर अडलंय सगळं. वय भरतं तुझं. पण शाळा संपल्यावर दोनच हंगाम झालेत. ते एक वर्ष गेलं नसतं, तर येत्या वसंतात तू पहिल्या काहींत असतास. आजारपण होतं का? शाळेची काही चूक? शाळेने चुकून मागे ठेवलं असेल, तर मला अर्ज करता येईल. सूट मिळेलच असं नाही, पण दार तरी वाजवता येईल."

"चूक कसली? नापास झालो," केन्ड्रेल म्हणाला. "गणितात आणि इतिहासात. माझंच डोकं नाही चालत."

किती सहज म्हणाला तो. आपल्या बुटाचं माप सांगावं तसं.

रॉस्कोला ती दुपार आठवली. शाळेचा कोच हॅस्किल टायरच्या दुकानात आला होता, ट्रकला टेकून उभा राहिला होता. पोरगा चांगला आहे, पण अंगाने कच्चा आहे, म्हणाला. एक वर्ष मागे ठेव. नवव्या इयत्तेत येईल तेव्हा बाकीच्यांपेक्षा मुंडीभर उंच असेल, कॉलेज फुकटात. दाताच्या डॉक्टरने तेच केलं, मोटारी विकणाऱ्याने तेच केलं. ते पोराला वर्षभर पैसेवाल्या शाळेत घालतात. तुला ते जमणार नाही, तर इथेच आठवी पुन्हा करू दे, हेडमास्तरांचं मी बघतो. आणि त्याला खरं सांगू नकोस. या वयात पोरं मानी असतात, मित्र पुढे गेले म्हणून रडून गोंधळ घालील. नापास झालास म्हणून सांग. उलट जिद्दीने उठेल.

रॉस्कोने स्वतः सतराव्या वर्षी मैदानावर बुटका म्हणून मार खाल्ला होता. पोराला तो मार बसू नये, एवढंच त्याला दिसलं. ओडेसा दोन दिवस जेवली नाही. मग तीही मूग गिळून बसली. ज्या माणसाने मैदानावर परक्याचं बोटभर माप कधी मारलं नाही, त्याने घरात पोटच्या पोराचं अख्खं वर्ष मारलं. आणि जिद्द म्हणाल तर पोरगा उठला खरा. जिवाचं रान करून पळाला. आपण ढ आहोत, आपल्याला पाय सोडून काहीच नाही, असं समजून पळाला.

"तो नापास झाला नव्हता," रॉस्को म्हणाला.

"काय?" व्हिटलो म्हणाला.

"पास झाला होता. चांगला. मी ठेवला त्याला मागे. कोच म्हणाला म्हणून, खेळासाठी. आणि त्याला खोटं सांगितलं. पोराची काही चूक नाही साहेब, हे तुमच्या लोकांना सांगा. कुठे येऊन सांगायचं असेल तर मी येतो. बायबलवर हात ठेवून सांगतो. हे वर्ष त्याचं नाहीच, माझं आहे. माझ्या नावावर लावा आणि त्याला सोडा."

रॉस्को आयुष्यात एका दमात एवढं बोलला नव्हता. बोलताना त्याला खरंच वाटत होतं की दार उघडतंय. लाज गेली, गाव हसलं, पोरगा दुरावला, तरी चालेल, पण पोराची वाट मोकळी होईल.

व्हिटलोने चष्मा काढला.

"मेह्यू, शाळेची चूक असती तर मी लढलो असतो. हे तर तुम्ही ठरवून केलंत. अशी कितीतरी पोरं मागे ठेवलेली आहेत, तुम्हाला माहितीय. एकाला सूट दिली तर सगळे बाप रांग लावतील." त्याने चष्मा पुन्हा चढवला. "तुम्ही आत्ता जे बोललात, त्याने काही होणार नाही."

"काहीच नाही?"

"नाही. पुढल्या वर्षी बसेल तो. पण वर्षभर मैदानावर नाही, वर ही कोर्टाची भानगड. चेंडू घेऊन पळणाऱ्यांना कोण वर्षभर लक्षात ठेवतं? मी प्रयत्न करीन. पण ओडेसाबाई, तुमच्या घरचं अन्न खाऊन खोटं नाही बोलणार."

व्हिटलोच्या गाडीचा आवाज विरला. केन्ड्रेल बापाकडे बघत होता. तो टेबल उलटेल, भिंतीवर मूठ मारेल, असं रॉस्कोला वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. केन्ड्रेलने फक्त ताटं गोळा केली आणि मोरीपाशी नेली.

रॉस्को बाहेर पायरीवर जाऊन बसला. जाळीच्या दारातून आतलं सगळं ऐकू येत होतं. नळ वाहत होता, ताटं एकमेकांवर ठेवली जात होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"होतं."

"किती होते मला? गणितात?"

"बी ग्रेड," ओडेसा म्हणाली. तिला आठवावं लागलं नाही. "बी होता. एक महिना ताप होता तुला, नाहीतर अजून वर गेला असतास."

"इंग्रजीत?"

"बी. शास्त्रात सी. शास्त्राचा तुला कंटाळाच होता."

नळ बंद झाला. "इतिहासात?"

"ए."

"कसा? इतिहासात तर..."

"ए होता बाळा. वर्गात तुला आणि दाताच्या डॉक्टरच्या पोराला, दोघांनाच. ग्रँथम बाई म्हणायच्या, हा प्रश्न विचारतो, बाकीची नुसती उतरवून घेतात."

"त्यांनीच तर मला नापास केलं. मला वाटायचं, त्या मला बघितलं की..." पुढचं त्याला बोलता आलं नाही.

"त्या भांडायला आल्या होत्या. शाळा सुटल्यावर, तशाच, हाताला खडू लागलेला. या पोराला मागे ठेवू नका म्हणाल्या. तुझ्या बाबांनी दारातूनच परत पाठवलं. मी आत इथेच उभी होते, भांडी घासत." ओडेसाचा आवाज चिरकला. "मी बाहेर आले नाही रे. मी यायला हवं होतं."

मग आतून हुंदका ऐकू आला. हाड मोडलं तरी हसणारा हा पोरगा, घरात कुणी गेलं तरी न रडलेला. तो लहान पोरासारखा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता, आणि मधेच थांबून पुन्हा विचारत होता, "खरंच ए होता?" आणि ओडेसा प्रत्येक वेळी सांगत होती, "होता रे. ए होता."

रॉस्कोला उठून आत जायचं होतं. काय म्हणायचं तेही त्याने जुळवलं होतं. पण तो उठला नाही. आत जाण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो तसाच बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. टायरचं काळं नखांच्या कडांना कितीही घासलं तरी राहायचंच.

उन्हं कलल्यावर जाळीचं दार वाजलं. केन्ड्रेल बाहेर आला. तोंड धुतलेलं होतं, टोपी हातात होती. दोन पायऱ्या उतरून तो बापाशेजारी थांबला.

"बाबा."

"हं."

"तुम्ही मला विचारलं असतंत ना, तर मी हो म्हटलं असतं. तुमच्यासाठी."

केन्ड्रेल उत्तरासाठी थांबला नाही. तो फाटकातून बाहेर पडला आणि रस्त्याने चालू लागला, खेळाडूसारखा नव्हे, कामावरून दमून घरी जाणाऱ्या माणसासारखा. रॉस्को त्याच्या पाठीकडे बघत होता. तिसरं घर गेलं, चौथं गेलं. पुढे ग्रँथम बाईंचा व्हरांडा, आणि बाई नेहमीसारख्या खुर्चीत.

केन्ड्रेल घरापाशी येऊन थांबला. त्याने पलीकडच्या कडेकडे पाहिलंसुद्धा. पण रस्ता ओलांडला नाही. तो याच कडेने पुढे गेला, फाटकाशी उभा राहिला, आणि काहीतरी बोलला. म्हाताऱ्या बाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले आणि हळूहळू उठून उभ्या राहिल्या.

इतक्या लांबून रॉस्कोला काही ऐकू आलं नाही.