वेल्कोचा चतकोर

"दोन मेणबत्त्या कशाला आणल्यास, आई?"

"एक बाबांची, एक तुझी. यंदा वेगळं बिऱ्हाड करणार ना तू!"

वेल्कोने खिशातला कागद टेबलावर ठेवला. "पुन्हा तीनच महिने. कायम नाही केलं."

तारांच्या कारखान्यात त्याला नऊ वर्षं झाली होती. करार मात्र तीन-तीन महिन्यांचा. कायम नोकरीचं पत्र दाखवल्याशिवाय क्रालेवो शहरात कोणी भाड्याने घर देईना, आणि घर नाही म्हणून मिलियानाशी लग्न अडलेलं. वय छत्तीस. शाळेतलं टेबल अजून त्याच्या खोलीत होतं.

"मिलियाना काय म्हणाली?"

"म्हणाली, संत निकोलस बुडत्या नावा तारतो, आपली तर अजून पाण्यातच उतरली नाही."

बाबांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. आज घराण्याच्या संताचा, संत निकोलसचा दिवस. या दिवशी यजमानाने बसायचं नसतं, पाहुण्यांची सरबराई उभ्यानेच करायची. रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे बाबा, रादोये, सकाळपासून उभेच होते.

पाद्रीबाबा आले आणि गाऊ लागले. आवाज असा, की शेगडीवरची घेवड्याची आमटीसुद्धा हळू रटरटावी. बाबांनी त्यांच्याबरोबर संताची भाकर फिरवली, तिच्यावर वाइन शिंपडली. मुलगा वेगळा निघाला, की बाप त्याला याच भाकरीचा चतकोर देतो. पुढे संताचा दिवस त्याच्या घरीही होतो, मेणबत्तीही तो आपली वेगळी लावतो.

"रादोये, चतकोर द्यायचाय म्हणाला होतास ना?" पाद्रीबाबांनी विचारलं.

शेजारचा मिलोराद हसला. "द्या की! पोरगं निघेपर्यंत शिळा होईल, एवढंच."

आई ताटातल्या माशाकडे बघत राहिली. बाबांनी चतकोर मोडला.

"घे."

"बाबा, मला घर कुठंय?"

"निकोलसबाबा काय घरमालक आहे, पत्र मागायला? घे म्हणतो ना."

वेल्को चतकोर आणि दुसरी मेणबत्ती घेऊन खोलीत गेला. "एका छपराखाली दोन मेणबत्त्या कुणी लावतं का?" आई पुटपुटली, पण काडेपेटी तिनेच पुढे केली.

त्याने शाळेच्या टेबलावरची पुस्तकं सरकवून मेणबत्ती लावली. जरा वेळाने दारावर टकटक झाली. या दारावर छत्तीस वर्षांत कुणी टकटक केली नव्हती.

"कोण?"

"पाहुणा," बाहेरून बाबा म्हणाले. "सण सुखाचा जावो, यजमान. आत येऊ का?"

"या, या ना."

खोलीत खुर्ची एकच होती. ती त्याने बाबांना दिली आणि स्वतः उभा राहिला.