टाके निघेपर्यंत

"हलू नका हं, शेवटचाच आहे," म्हणत नर्सने चिमट्याने दोरा उचलला, कात्री लावली आणि काकूंच्या गुडघ्यातला टाका अलगद ओढून काढला.

काकूंच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत ती सहा वर्षं भाड्याने राहत होती. ऑपरेशन होऊन काकू घरी आल्या, तेव्हापासून ड्यूटी आटोपली की आधी खाली यायची. ड्रेसिंग, गोळ्या, अंघोळीला आधार. पैशांचं नाव काढलं की "काहीतरीच काय काकू!" म्हणून उडवून लावायची.

भाडं वाढवायचं काकूंच्या मुलाने केव्हाच ठरवलं होतं. करार महिनाअखेरीला संपत होता. सांगायची वेळ तेवढी काकूंनी हेरून ठेवली होती.

नर्सने जखम पुसली, हात धुतले. काकूंनी चादर गुडघ्यावर ओढून घेतली.

"बस जरा. नव्या करारात भाडं थोडं वाढवावं लागेल गं. मुलगा हटूनच बसलाय. त्याच्यापुढे माझं कुठे काय चालतं!"

नर्स बसली नाही. टॉवेलला हात पुसत राहिली.

"मी दुसरी जागा बघितलीये काकू. एक तारखेला जाते."

"अगं, भाड्याचं तर मी तुला आत्ता सांगतेय!"

"घरी आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलाशी फोनवर बोलत होतात. मी गरम पाणी घेऊन दारातच उभी होते." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "'टाके निघू देत, आत्ता सांगितलं तर माझं करणार कोण?' असं म्हणालात."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी पाणी आलं होतं. नेहमीसारखंच, हाताला सोसेल इतपत ऊन. तिने अंग पुसून दिलं होतं, गुंता न ओढता केसही विंचरले होते.

"मग इतके दिवस येत का राहिलीस?"

"टाके होते ना."

तिने कापूस, कात्री, चिमटा गोळा केला.

"जिना इतक्यात चढू नका. आणि व्यायाम चुकवू नका, गुडघा आखडेल."

ती दाराकडे वळली. दार आपटल्याचा आवाज येईल म्हणून काकू जीव मुठीत धरून बसल्या होत्या. तिने ते हलक्या हाताने ओढून घेतलं, आत पेशंट झोपलेला असावा तसं.