सात ओळींची फाईल

"अंबादासदादा, तुमचं ते उघडंना. साप चावलेली बाई आणलीय. लस कुठं हाय?"

लोहाऱ्याहून जगदेवी सिस्टरचा फोन. उमरग्यात अंबादासनं पडद्यावर बघून नळदुर्ग सांगितलं. तिकडून लस घेऊन जीप निघाली.

ट्रस्टच्या सहा दवाखान्यांत लस कुठं शिल्लक आहे, हे दाखवणारा प्रोग्राम केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या अंबादासनंच लिहिलेला. कॉम्प्युटर सगळे दानातले, म्हणजे कुणीतरी टाकून दिलेले. प्रत्येकावर वेगळं लिनक्स, वेगळ्या वर्षाचं. तरी आठ वर्षं चाललं. आज सकाळी बारीक दुरुस्ती करून त्यानं प्रोग्राम पुन्हा बनवला, सगळीकडं पाठवला. तर उमरग्यात चालतोय अन् लोहाऱ्यात नवी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा नवा संच, मागतोय. यानं कधी मागितली? लायब्ररीच्या ओळींत तर एक अक्षर बदललेलं नाही.

पुण्याहून महिन्याभरापूर्वी आलेले ट्रस्टचे नवे व्यवस्थापक मुकुलसर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर हा प्रोग्राम बंद करू. तयार सॉफ्टवेअर दोन महिन्यांत येईल. दोन महिने! पेरणीच्या दिवसांत साप काय रजेवर जातात?

दुपारभर अंबादास स्वतःवरच संशय घेत बसला. वय झालं का आपलं? चारला त्यानं मशिनीलाच विचारलं, लिहिलेल्याचा प्रोग्राम बनवायला कुठला कंपायलर वापरतेस? उत्तर बघून डोक्यात लख्ख झालं. कंपायलरच्याच नावाची एक छोटी फाईल त्यानं पूर्वी अस्सल कंपायलरच्या आधी बसवली होती. काम आधी तिच्याकडं यायचं. ती सगळ्यांत जुनी लायब्ररी जोडून मगच ते अस्सलकडं द्यायची. म्हणून एकदा बनवलेलं सहाही ठिकाणी चालायचं. इतकं मुकाट, की तो स्वतःच तिला विसरला होता. आता ती जागेवर नव्हती.

"एका नावाच्या दोन होत्या. डुप्लिकेट म्हणून परवा काढली," मुकुलसर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले.

"उघडून वाचली का?"

"सात ओळींत काय वाचायचं?"

अंबादास बसला. आठवून आठवून सातही ओळी लिहिल्या, प्रोग्राम बनवला, पाठवला.

"उघडलं बघा दादा," जगदेवी सिस्टर म्हणाल्या. "अन् बाई बी बोलायलीय आता."

मुकुलसरांनी ग्रुपवर टाकलं, अपडेटनंतर सर्व सुरळीत. खाली अंगठ्यांची रांग लागली.

अंबादासनं लसीच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर बॉलपेननं सातही ओळी उतरवल्या. खाली लिहिलं, ही फाईल काढू नये. त्याखाली नाव घालावं की नाही, हे मात्र त्याला कळेना. बाहेर कुणीतरी खिडकी वाजवत होतं. पुठ्ठा कॉम्प्युटरमागं खोचून तो केसपेपर फाडायला उठला.